यंत्रांची बारोयारी

दुर्गापूजेच्या सुट्टीचे दिवस होते, साल २००३. हावडा स्थानकावर खरगपूरच्या लोकलमधून आमच्या एका सहकाऱ्यांचे चिरंजीव उतरले, आणि त्यांच्यामागोमाग हमालाच्या डोक्यावरून गोधडीत गुंडाळलेली, दोरीने आवळलेली एक अवजड चौकोनी वस्तू उतरली. हमाल ती देवासारखी जपून आणीत होता. फलाटाच्या टोकाशी आल्यावर त्याने न राहवून विचारलेच, "ठाकुरजी हैं क्या, बाबू?" मुलगा हसला. गोधडीत मूर्ती नव्हती, संगणकाचा पडदा होता. पेटीसारखे उरलेले यंत्र त्याच्या स्वतःच्या खांद्यावर होते.

"काका, शिबपूरला मित्राच्या घरी जमायचे आहे. सगळे आपापली यंत्रे घेऊन येणार आणि तारेने जोडून रात्रभर खेळणार," तो म्हणाला.

ज्याच्या त्याच्या घरी यंत्र आहे, मग ते पंधरा-वीस किलोंचे ओझे गाडीतून वाहून न्यायचे कशासाठी, असे मी विचारले. त्याला या प्रश्नाचेच नवल वाटले. "एकत्र बसून खेळायला," एवढेच तो म्हणाला. त्या वेळी हे उत्तर मला पोरकट वाटले होते. या छंदाचा इतिहास पुढे थोडाफार पाहिला तेव्हा ध्यानात आले, की त्या तीन शब्दांत तो सारा इतिहास सामावलेला होता.

ही गोष्ट समजण्यास हावड्याहून सुटणाऱ्या काटव्याच्या गाडीत बसावे आणि हुगळी जिल्ह्यातील गुप्तिपाडा या गावी उतरावे. दुर्गापूजा ही पूर्वी जमीनदारांच्या वाड्यांतली गोष्ट होती. इतरेजनांनी यजमानाच्या मर्जीने दर्शन घ्यावे आणि परतावे. परंपरा सांगते, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात (बहुतेक जण १७९० हे वर्ष देतात) एका घरच्या पूजेत मज्जाव झालेल्या बारा मित्रांनी गुप्तिपाड्यात वर्गणी गोळा करून स्वतःची पूजा मांडली. बारा यारांची म्हणून ती 'बारोयारी'. आज बंगालच्या गल्लोगल्ली जे मंडप उभे राहतात, त्या सर्वांचा कुळपुरुष हाच. देवघरातला देव उचलून चौकात आणण्याची ही कल्पना महाराष्ट्रीय वाचकांस परकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपणही गणपतीच्या बाबतीत तेच केले.

संगणकाच्या इतिहासातही असेच एक स्थित्यंतर घडले आहे. बेलूरच्या घाटावर उभे राहून गंगेपलीकडे पाहिले, तर बरानगर दिसते. तेथील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली इंग्लंडहून एक यंत्र आले. 'एचईसी-२एम' असे त्याचे नाव, आणि भारतात आलेला तो पहिला अंकीय संगणक समजला जातो. महालनोबिसांच्या संस्थेतील हे यंत्र म्हणजे जमीनदाराच्या वाड्यातला देव होता. दर्शनाला जावे, आपले गणित पुढे ठेवावे, उत्तराचा प्रसाद घेऊन यावे. यंत्र हलायचे नाही, माणसाने जायचे. १९८० नंतर स्वस्त घरगुती संगणक निघाले आणि युरोप-अमेरिकेत हा देव घरोघरच्या देव्हाऱ्यात गेला. त्याबरोबर माणूसही घरात गेला. खोलीचे दार लावून पडद्यासमोर एकटा बसलेला मुलगा हे त्या काळचे चित्र आहे, आणि त्या चित्राने आईबापांची झोप उडवली होती. तिसरी पायरी मात्र कोणी योजलेली नव्हती. त्याच मुलांनी यंत्र देव्हाऱ्यातून उचलले आणि चौकात आणले.

आरंभ फारसा सात्त्विक नव्हता, हे मान्य केले पाहिजे. उत्तर युरोपातील मुले शाळांच्या सभागृहांत जमत ती मुख्यतः खेळांच्या चकत्यांच्या फुकट नकला करून घेण्यासाठी. परंतु नकला करता करता त्यांच्यात एक चुरस उत्पन्न झाली. तुटपुंज्या शक्तीच्या यंत्रातून कोण अधिक सुंदर चित्र हलवून दाखवतो, कोण अधिक गोड नाद काढतो, याच्या पैजा लागू लागल्या. १९९२ साली नॉर्वेत ईस्टरच्या सुट्टीत 'द गॅदरिंग' आणि त्याच वर्षी फिनलंडमध्ये 'असेम्ब्ली' असे दोन मेळे सुरू झाले. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात मालुंग नावाचे एक लहान गाव आहे. तेथे एका शाळेच्या तळघरात जमणाऱ्या मित्रांचा मेळा १९९४ साली शाळेच्याच उपाहारगृहात भरला आणि त्याला 'ड्रीमहॅक' हे नाव मिळाले. जगातील अशा मेळ्यांत पुढे सर्वांत मोठा ठरलेला तो हाच.

त्याच सुमारास खेळांनीही आपले रूप पालटले. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत 'डूम' हा खेळ निघाला. त्यात तारेने जोडलेल्या चार यंत्रांवर चार माणसे परस्परांविरुद्ध खेळू शकत. कार्यालयातील आणि विद्यापीठांतील जाळी या खेळाने इतकी तुंबू लागली, की अनेक ठिकाणी त्यावर बंदीचे हुकूम काढावे लागले. आपणा सरकारी सेवकांस अशा परिपत्रकांची भाषा सहज कल्पिता येईल. घरून टेलिफोनच्या तारेने खेळावे, तर बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग, कधी त्याहूनही अधिक वेळ जाई. एवढ्या अवधीत खेळातला गडी मरून पडत असे. एका खोलीतल्या जाळ्यात हाच विलंब सेकंदाच्या काही सहस्रांशांवर येई. म्हणजे चांगले खेळायचे, तर एका छताखाली येण्यावाचून गत्यंतर नव्हते. यालाच पुढे 'लॅन पार्टी' हे नाव रूढ झाले. लॅन म्हणजे एका जागेपुरते जोडलेले यंत्रांचे जाळे.

या जाळ्याची रचना मोठी बोधप्रद होती. आरंभी एकच बारीक तार एका यंत्राकडून दुसऱ्याकडे अशी सर्व मेजांवरून फिरे. तिच्या एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर आणि त्यावर जास्तीत जास्त ३० यंत्रे, असा नियम होता. दोन्ही टोकांना विशिष्ट टोपणे बसवावी लागत. ती नसली, तर संदेश टोकावर आदळून मागे फिरत आणि सारी तार निकामी होई. एखाद्या अधीर मुलाने मध्येच तार तोडून आपले यंत्र उचलले, तरी तीसच्या तीस जण अंधारात. 'मी निघालो' असे सर्वांस सांगून, तारेची गाठ पुन्हा जुळवून मगच उठायचे, हा शिष्टाचार त्या तारेनेच मुलांना शिकविला. नंतर प्रत्येक यंत्राची तार मधल्या एका पेटीपर्यंत स्वतंत्र नेण्याची सोय झाली आणि या शिस्तीची गरज उरली नाही.

विजेचा प्रश्न तर याहूनही बिकट. एका संचास सुमारे ३०० वॅट धरले, तरी शंभर संचांना तीस किलोवॅट हवेत. शाळेची वायरिंग ते कोठून पेलणार? म्हणून अशा मेळ्यांत खरे मोल असे ते वीज मोजणाऱ्या, तारा अंथरणाऱ्या, रात्री पहारा करणाऱ्या आणि चौथ्या दिवशी केर काढणाऱ्या मुलांना. खेळणारे विसरले जात, तारा अंथरणारे स्मरणात राहत. मांडव घातलेल्या कोणाही मंडळाच्या कार्यकर्त्यास हे अधिक समजावून सांगावयास नको.

पुढील वाढ आश्चर्यकारक आहे. ड्रीमहॅक १९९७ साली मालुंगहून बूर्लेंगे शहरी गेले आणि २००१ साली यॉनशॉपिंगच्या प्रदर्शनगृहात. २००७ साली तेथे दहा हजारांहून अधिक संगणक एका जाळ्यात जोडले गेले आणि तो जागतिक विक्रम ठरला. नॉर्वेचा मेळा हामार येथे, १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या बर्फावरील शर्यतींच्या विशाल सभागृहात भरू लागला. अमेरिकेत टेक्सास राज्यातील गार्लंड येथे १९९६ साली काही डझन खेळाडू एका हॉटेलात जमले. त्यातून 'क्वेककॉन' उभे राहिले.

भारतात ही गोष्ट याच रूपाने घडणे शक्य नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, मद्रास यांच्यासह कलकत्त्यात सर्वसामान्यांस इंटरनेट खुले झाले. परंतु घरी स्वतःचा संगणक असणे ही त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबातील मोठी घटना होती. त्यामुळे आपल्याकडे मुलांनी यंत्र न नेता स्वतःच यंत्राकडे जाण्याची वाट धरली. गल्लीतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे एकत्र करून पाच-पाच जणांच्या दोन फळ्या 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. दुसरे स्थान म्हणजे वसतिगृह. तेथे प्रत्येक खोलीत यंत्र आणि भिंतीत तार, म्हणजे बाराही महिने चालणारी बारोयारी. मार्च २००७ मध्ये मुंबईच्या आयआयटीने वसतिगृहातील इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवण्याचे ठरविले. मुले वर्गात येत नाहीत, खेळात गुंतून एकमेकांत मिसळत नाहीत, ही तक्रार होती. ती निराधार होती असे कोण म्हणेल? भिंतीत तार आली, की दार लावून खेळणेही तितकेच सोपे होते. ज्या यंत्रामुळे मुले एकत्र जमली, त्याच यंत्रामुळे ती दुरावू शकत होती, आणि त्याचे कारण यंत्रात नव्हते. तार कोठे अंथरली आहे, खोलीत की सभागृहात, यावर सारे अवलंबून होते.

गरज संपली तेव्हा कसोटी लागली. जलद इंटरनेट घरोघर पोहोचल्यावर विलंबाचे कारण उरले नाही. २०१० साली निघालेल्या 'स्टारक्राफ्ट २' या गाजलेल्या खेळात एका खोलीतील जाळ्यावर खेळण्याची सोय निर्मात्यांनी ठेवलीच नाही. शेजारी बसलेल्या मित्राशी खेळायचे, तरी कंपनीच्या दूरच्या यंत्राची वाट धरावी लागे. भारतात २०१६ नंतर स्वस्त मोबाइल इंटरनेट आले आणि खेळ खिशात गेला. जमण्याचे तांत्रिक प्रयोजन नाहीसे झाले. मग मेळे मोडले काय? लहान मेळे पुष्कळच मोडले. मोठे टिकले, पण दोन निरनिराळ्या रीतींनी.

ड्रीमहॅक २०१५ साली एका स्वीडिश माध्यमसमूहाने विकत घेतले. २०२० साली ते दुसऱ्या एका स्पर्धा-कंपनीत विलीन झाले आणि २०२२ साली ही सारी मालमत्ता सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या कंपनीकडे गेली. मालुंगच्या शाळेतले हे नाव डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या गोरेगावला आले. नॉडविन या भारतीय कंपनीने तेथील प्रदर्शन-संकुलात तीन दिवस 'ड्रीमहॅक मुंबई' भरविले. पुढे तेच दिल्लीस आणि हैदराबादेस गेले. रोषणाई होती, बक्षिसे होती, तरुणांचा उत्साहही खोटा नव्हता. परंतु व्यासपीठावर निष्णात खेळाडू खेळत आणि समोर प्रेक्षक पाहत, हेच त्यातले मुख्य आकर्षण होते. वाड्यातला देव बाहेर आला, चौकात आला आणि नव्या वाड्यात गेला, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. हामारचा मेळा मात्र स्वयंसेवकांच्या संघटनेच्या हाती राहिला. २०२० साली साथीमुळे तो इंटरनेटवर भरवावा लागला. घरोघर उत्तम यंत्रे होती, विलंब नव्हता, खेळ तेच होते. काही उणे नव्हते. तरीही साथ ओसरताच लोक आपापली यंत्रे गाडीत घालून पुन्हा त्या बर्फाच्या सभागृहात गेले.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या इतिहासात स्वतःचे काही सापडावे, असे मला वाटते. महाराष्ट्राबाहेरची आपली मंडळे एका अडचणीतून जन्मास आली. मराठी वर्तमानपत्र दोन दिवसांनी मिळे, नाटक दिसत नसे, गोडा मसाला कोणी गावाहून आणील तेव्हा. आज हे सर्व घरबसल्या मिळते, आणि म्हणून हल्ली आमच्या लहानशा मंडळाच्या सभेत दरवर्षी एक प्रश्न निघतो: आता एकत्र जमायचे कशाला? गेल्या वर्षी तर गणेशोत्सवाचे सारे काम कंत्राटदाराकडे सोपवून आपण फक्त पाहुण्यांसारखे यावे, अशी सूचना आली. सूचना करणारे गृहस्थ सज्जन होते आणि हिशेबही त्यांचा चोख होता. मी त्यांना उत्तर म्हणून गुप्तिपाडा आणि मालुंग या दोन गावांची हकिगत सांगितली. ती किती पटली न कळे. सूचना मात्र एका मताने नामंजूर झाली.

ते एक मत माझ्या सहकाऱ्यांच्या त्या चिरंजीवांचे होते. ते आता हावड्यातच नोकरीस आहेत. शिबपूरच्या त्या रात्री दोनच्या सुमारास घराचा फ्यूज उडाला आणि पहाटेपर्यंत कोणाला काही खेळता आले नाही, हे त्यांनी मला परवा प्रथमच सांगितले. "मग केलेत तरी काय?" मी विचारले.

"गच्चीवर बसलो होतो, काका. सगळेच."

मूर्ती आणावयास यंदा तेच जाणार आहेत. जुनी गोधडी त्यांनी आईकडून मागून घेतली आहे.