विकत घेतलेला प्रोसेसर बाजारात येईपर्यंत

प्रोसेसरची रचना करणारी कंपनी विकत घेण्याचा व्यवहार काही आठवड्यांत पुरा होतो. त्या रचनेची चिप ग्राहकाच्या हाती पडायला मात्र तीन-चार वर्षे जातात.

एप्रिल 2008 मध्ये ॲपलने पी. ए. सेमी ही छोटी कंपनी सुमारे 27.8 कोटी डॉलरना घेतली. तिचा तयार प्रोसेसर पॉवरपीसी घराण्यातला, आयफोन मात्र आर्म या कंपनीच्या आज्ञासंचावर चालणारा. म्हणजे मोल होते ते माणसांचे. 2010 च्या ए4 चिपवर ॲपलचे नाव होते, तरी तिचा मुख्य कोअर आर्मच्याच रचनेचा होता. ॲपलचा स्वतःचा पहिला कोअर, स्विफ्ट, आयफोन 5 मधून सप्टेंबर 2012 मध्ये आला.

हा काळ जातो कुठे? नुसता कोअर म्हणजे चिप नव्हे. त्याला ग्राफिक्स, मेमरी, कॅमेरा यांचे भाग जोडायचे, संगणकावर महिनोन्महिने चाचण्या घ्यायच्या, मग आराखडा कारखान्यात पाठवायचा. सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो टप्प्यांत थर चढवायलाच दोन-तीन महिने लागतात. परत आलेल्या नमुन्यात मोठा दोष निघाला, तर बरेचसे काम पुन्हा करावे लागते.

क्वालकॉमने जानेवारी 2021 मध्ये नुव्हिया 140 कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. ॲपलमधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांची ही कंपनी सर्व्हरसाठी कोअर घडवत होती. लॅपटॉपच्या चिपचे नमुने 2022 च्या उत्तरार्धात देण्याची घोषणा झाली; पण ऑगस्ट 2022 मध्ये आर्मने डेलावेअरच्या न्यायालयात दावा लावला. नुव्हियाला दिलेला आर्मचा परवाना आपल्या संमतीविना क्वालकॉमकडे जाऊ शकत नाही, त्याखाली झालेली रचना नष्ट करा, अशी तिची मागणी होती.

उशिराचे खापर या दाव्यावर फोडणे सोपे आहे, पण ते पटत नाही. पी. ए. सेमीच्या मागे असा दावा नव्हता, तरी स्विफ्टला चार वर्षांहून अधिक काळ लागला. नुव्हियाच्या माणसांनी घडवलेला ओरायन कोअर लॅपटॉपमध्ये जून 2024 मध्ये पोचला, आणि फोनसाठीच्या स्नॅपड्रॅगन 8 एलिटमधून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला.

डिसेंबर 2024 मध्ये ज्यूरीने मुख्य मुद्द्यावर क्वालकॉमच्या बाजूने कौल दिला. उरलेला मुद्दा न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये निकाली काढला. तोवर ओरायनचे फोन विक्रीला येऊन जवळजवळ वर्ष झाले होते.