काळे कुंकू

आमच्या नांदेडच्या घरात आईचा एक फोटो आहे. १९३८ सालचा, लग्नाआधीचा, वरपक्षाला पाठवण्यासाठी म्हणून काढलेला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती उभी आहे. अंगात नऊवारी, नाकात नथ. चेहरा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा, हात त्याच मुलीचे वाटू नयेत इतके काळे, आणि कपाळावरचे ठसठशीत कुंकू तर काळेभोर. लहानपणी मी तिला विचारले होते, की तू काळे कुंकू का लावलेस? ती म्हणाली, "लाल भडक लावलं होतं गं. त्या डब्यानं काळं केलं."

आई शाळेत फारशी गेली नव्हती, पण तिने सांगितले ते शास्त्राला धरून होते. आरंभीच्या फोटोच्या काचांना निळा उजेड तेवढा उमजे. १८७३ साली फोगेल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्यांत रंगद्रव्य मिसळून त्यांना हिरवा-पिवळा दाखवला, तरी तांबडा त्यांना दिसेचना. तांबडे दिसू लागलेल्या काचा १९०६ पासून बाजारात आल्या खऱ्या, पण त्या महाग, आणि धुवायच्या मिट्ट काळोखात. जुन्या काचा तांबड्या दिव्याखाली डोळ्यांनी बघत धुता येत. ही सोय लहान गावचा फोटोवाला सहजासहजी कशाला सोडील? म्हणून कुंकू काळे, पानाने रंगलेले ओठ काळे, आणि आपल्याकडची गव्हाळ-सावळी कातडी, जिच्यातला सारा उबारा तांबड्यातच असतो, ती आहे त्याहून दोन पायऱ्या काळी.

मौज अशी, की हे आरशाला ठाऊक नव्हते. आईने घरी आरशापुढे बसून आपल्या हाताने स्नो लावला, त्यावर पावडर थापली, डोळ्यांत काजळ घातले. पाटणवाला यांचा अफगाण स्नो मुंबईत १९१९ साली निघाला होता, आणि आईच्या तोंडी प्रत्येक स्नो हा 'अफगाण'च असे. आरशात ती चांगली दिसली असणार. हातांना पावडर लावायचे मात्र कुणाला सुचले नाही.

आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. त्या राज्यात फोटोची हौस जुनी होती. लाला दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार, आणि पडद्यातल्या स्त्रियांसाठी १८९२ साली हैदराबादेत त्यांनी वेगळी चित्रशाळा काढली, तिथे कॅमेऱ्यामागेही एक इंग्रज बाईच असे. पण ही चैन अमीर-उमरावांची. नांदेडहून रेल्वेने हैदराबाद गाठता येई. लातूरकर बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद गाडीत बसून बार्शी-कुर्डुवाडीकडे जाई. सामान्य घरची मुलगी मात्र जवळचा फोटोवाला पाही नि घरून नटून जाई.

नटण्याची कला इकडे नव्हती असे नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाच्या राहुटीमागे पेटीला आरसा टेकवून बाया स्वतःची तोंडे स्वतः रंगवीत. जुन्या नटांचेही तेच. मुर्दाडशिंग, सफेदा, हिंगूळ. यांतले पहिले शिशाचे, शेवटचे पाऱ्याचे, म्हणजे विषच ते. पण हा सारा रंग दुरून, बत्तीच्या उजेडात पाहण्याचा. कॅमेरा वीतभरावर येऊन बसतो, आणि त्याला रंग कळत नाहीत, उजेड-अंधार तेवढे कळतात.

फाळके मुळात फोटोग्राफर, तेव्हा त्यांना हे ठाऊक असणारच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते साळुंके, एका उपाहारगृहात काम करणारे गृहस्थ. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये हेच साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले, आणि लोकांनी ते मानून घेतले. बालगंधर्वांना मात्र कॅमेऱ्याने तसे मानले नाही. ज्यांच्या लुगड्याची नि अंबाड्याची तऱ्हा महाराष्ट्रातल्या घरंदाज स्त्रियांनी उचलली, ते १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त आमच्या पैठणचे एकनाथ झाले. तिथे पुरुष म्हणूनच उभे होते. दोन वर्षांनी बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त त्यांनी स्त्रीवेष घेतला. वय एकोणपन्नासाच्या घरात. रंगमंचावर जे चाळीस हातांवरून मोहक वाटे, ते पडद्यावर जवळून बघवेना. चित्र पडले. मला वाटते, यात त्यांच्या कलेचा दोष नव्हता. ज्याच्यासाठी त्यांनी आयुष्यभर तोंड रंगवले तो प्रेक्षक अंतरावर बसत होता.

तिकडे अमेरिकेत मॅक्स फॅक्टर या गृहस्थाने १९१४ पासूनच पडद्यासाठी वेगळा, पातळ रंग बनवला होता, आणि फिल्मला तांबडे दिसू लागल्यावर १९२८ च्या सुमारास सगळे रंग पुन्हा नव्याने जुळवले. स्टुडिओतल्या नटीला तज्ज्ञ मिळाला. आमच्या मावशीला कोण मिळणार?

मावशी आईहून सावळी. १९४१ साली तिचा फोटो लातूरच्या एका स्थळाकडे गेला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. फोटोवाल्याने तिची पावडर पुसायला लावली, म्हणाला, "ते माझ्यावर सोडा." त्याने काचेवर बारीक पेन्सिल फिरवली. उलट्या काचेवर जेवढे काळे कराल तेवढे कागदावर गोरे उमटते. फोटो फारच सुरेख आला. मंडळी बघायला आली, पोहे झाले, आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाई आजोबांना म्हणाल्या, "भाऊ, आता फोटोतली पोर बोलवा." ते लग्न मोडले. आणखी चार वर्षांनी मावशीला दुसरेपणावर दिली. त्यानंतर तिने उभ्या आयुष्यात फोटो काढू दिला नाही. आमच्या घरच्या सगळ्या लग्नांच्या फोटोंत ती कडेला, तोंडावर पदर घेतलेली आहे. फोटोवाल्याने काही वाईट हेतूने केले नव्हते. आईचा पांढरा चेहरा निदान पावडर आहे असे सांगत तरी होता.

रंगीत फिल्म आली तेव्हा मला वाटले, आता हे संपले. पण त्या फिल्मचे रंग जुळवण्यासाठी छपाईवाल्यांकडे एका गोऱ्या बाईचे चित्र असे, 'शर्ली' म्हणत त्याला. तिची कातडी ठीक उमटली की काम ठीक. माझ्या १९६४ च्या लग्नाचे फोटो कृष्णधवलच होते, त्यामुळे मी वाचले. आता लातूरला असलेली माझी नात फोनवरच्या मुलाखतीसाठी खिडकीकडे तोंड करून बसते, कातडीच्या रंगाचा लेप गळ्यापर्यंत नि हातांनाही लावते, आणि फोन न सांगता चेहरा गोरा करतो ती खोड आधी शोधून बंद करते. मावशीची हकीकत तिला मी सांगितली आहे.

आई सवाष्ण गेली. तिच्या फोटोच्या काचेवर दर सणाला आम्ही कुंकवाचे बोट टेकवतो, बरोबर त्या काळ्या ठिपक्यावर.