गर्द अंग, तांबडा पदर

कामं आवरली असतील तर बसा घटकाभर. आज गोष्ट सांगायची आहे ती आपल्या आजीच्या इरकली लुगड्याची.

मागच्या महिन्यात आमच्या गटात गोधड्या शिवायचं काम चाललं होतं. एकीनं सासूबाईंच्या ट्रंकेतलं जुनं इरकल आणलं. अंग काळंनिळं, काठ तांबडा, पदरही तांबडा. एक पोरगी म्हणाली, "दोन्ही रंग एवढे भडक, तरी डोळ्याला खुपत नाहीत. असं कसं?" प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी बरंच मागं जावं लागतं.

पूर्वी गर्द रंग ही पैशाची आणि कष्टाची वस्तू होती. निळा रंग निळीच्या झाडापासून यायचा. पाला पाण्यात भिजवून आंबवायचा, ते पाणी घुसळायचं, मग तळाशी निळा गाळ बसायचा. त्याच्या वड्या करायच्या. सूत रंगाच्या रांजणातून काढलं की आधी हिरवट पिवळं दिसायचं, वारा लागला की निळं व्हायचं. एका बुडीत रंग फिकाच. गर्द हवा तर पुन्हा पुन्हा बुडवायचं. तांबड्याचंही तसंच. मंजिष्ठेच्या किंवा आलीच्या, म्हणजे बारतोंडीच्या, मुळ्या कुटायच्या. सुतावर तो रंग धरावा म्हणून तुरटी लावायची.

या निळीपायी माणसं रडली आहेत. बंगालात मळेवाले शेतकऱ्यांकडून जबरदस्तीनं नीळ लावून घेत. १८५९ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार दिला आणि मोठा उठाव झाला. बिहारात चंपारणला २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती. १९१७ साली गांधीजी तिथं गेले ते याच गाऱ्हाण्यासाठी. तोवर जर्मनीत कारखान्यातली नीळ निघाली होती. १८९७ पासून ती बाजारात आली. तांबडा रंग तर त्याआधीच, १८६८ साली, तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी तयार केला होता. रंग स्वस्त झाले, आणि मुळ्या कुटणाऱ्या, रांजण सांभाळणाऱ्या कितीतरी रंगाऱ्यांचं काम गेलं.

आता इरकलकडे या. इळकल हे गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत तो मुलूख आपल्यासारखाच मुंबई राज्यात होता. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या बायकांना हे लुगडं घरचंच. त्याची बांधणी बघा. अंगाला उभं सूत, आणि पदराला उभं रेशीम. रेशीम महाग, म्हणून जिथं चारचौघांत दिसतं तिथंच घातलं. रानात, चुलीपुढं वापरायच्या अंगाचा रंग गर्द, म्हणजे मळ लवकर दिसत नाही. शोभा आणि काटकसर एकाच लुगड्यात बसवली.

पदराचे तांबडे पट्टे तीन, आणि त्यांच्या मधे पांढरे दोन. त्या पांढऱ्यानं तांबड्याला उठाव येतो. पट्ट्यांच्या कडेला जोंधळ्याची कणसं, फणीचे दाते, किल्ल्याचा तट अशी नक्षी असते. त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे: दोन गर्द रंग भांडू नयेत म्हणून मधे उजळ रंग ठेवायचा, आणि एकाला जागा जास्त, दुसऱ्याला कमी द्यायची. दोघांना निम्मं निम्मं दिलं की डोळा गोंधळतो.

पण सगळ्यात नाजूक काम दिसतच नाही. अंगाचं सूत आणि पदराचं रेशीम यांचा एकेक धागा फासात फास अडकवून जोडतात. त्याला कोंडी म्हणतात. त्यामुळे प्रत्येक लुगड्याचा ताणा वेगळा लावावा लागतो. सूत उकलणं, कांड्या भरणं, ही जोडणी करणं, यांतलं पुष्कळ काम विणकरांच्या घरातल्या बायका करत आल्या. माग चालवणाऱ्याला विणकर म्हणतात. कांड्या भरणारीला मात्र कुणी विणकर म्हटलं नाही, "घरातलीच मदत" म्हटलं.

मैत्रिणींनो, हे ऐकून काही आठवलं का? आपण गोधडी विकताना किंमत कशी लावतो? कापड आणि दोरा धरतो, फार तर टाके घालायचे दिवस धरतो. चिंध्या निवडायला, कुठल्या रंगाशेजारी कुठला हे जुळवायला दोन दुपारी जातात, त्या आपणच हिशेबात घेत नाही. तीही "मदत"च होऊन बसते.

म्हणून पुढच्या बैठकीला दोन गोष्टी करा. घरातलं जुनं लुगडं आणा आणि अंग-पदर जिथं जुळतात तिथं उलट्या बाजूनं बोट फिरवून बघा. गर्द कापड गोधडीत घालण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा, रंग सुटला तर ते वेगळं ठेवा. आणि गटाच्या वहीत एक रकाना वाढवा: "निवडणं आणि जुळवणं, तास किती." किंमत ठरवताना तो रकाना रिकामा ठेवू नका.

आमच्या गटानं ते इरकल कापलं नाही. घडी घालून परत ट्रंकेत ठेवलं. त्याचे रंग बघून नवी गोधडी मात्र शिवायला घेतली आहे.