खाजगी फाइल-फोल्डरचे संरक्षण (घरगुती संगणक)

घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावरचे हिशेब, फोटो आणि कागदपत्रांच्या प्रती परक्याच्या हाती लागू नयेत आणि आपल्या हातून जाऊही नयेत, यासाठी योजायचे उपाय. यातली दुसरी बाजू सहसा विसरली जाते. रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्यासारख्या गावांत तीच जास्त महाग पडते.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद कापडात बांधून ठेवतात. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. रुमालाला गाठ असते, कुलूप असते ते दफ्तरखान्याच्या दाराला. ‘हिडन’ केलेला फोल्डर म्हणजे असा रुमालच. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’वर टिचकी मारली की तो फिकट रंगात समोर हजर. विंडोजचा पासवर्ड हे दाराचे कुलूप. पण हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर दार बाजूलाच राहते आणि फायली सरळ वाचता येतात.

खरे संरक्षण एन्क्रिप्शनचे. यात मजकूरच असा बदलला जातो की किल्लीशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. यासाठी बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी एईएस ही पद्धत अमेरिकेत २००१ साली प्रमाण ठरली. विंडोज २००० मध्ये एकेक फाइल एन्क्रिप्ट करण्याची सोय आली, विंडोज व्हिस्टापासून (२००७) अख्खी डिस्क बंद करणारे बिटलॉकर आले. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत ते पूर्ण रूपात मिळत नाही. तिथे व्हेराक्रिप्ट हे मोफत साधन चालते. एकदोन फोल्डरपुरते सेव्हन-झिपही पुरे. मात्र साध्या झिप फाइलला पासवर्ड लावला तरी आतल्या फायलींची नावे दिसतात. ‘भावांचे हिस्सेवाटप २’ हे नाव वाचल्यावर आत काय आहे ते घरात कोणाला सांगावे लागत नाही! सेव्हन-झेड प्रकारात नावेही झाकता येतात.

पेण-रोह्याच्या भागात जपण्यासारखे काय असते? पेण, हमरापूर, जिते, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत व्यापाऱ्यांचे दर, उधारी आणि येत्या हंगामाच्या नव्या मूर्तींचे फोटो. रोह्याला धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या पगारपत्रकांच्या प्रती. आणि दोन्हीकडे जमीन. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन देण्याच्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी जनमत घेतले गेले होते. अशा मुलखात सातबारा, फेरफार आणि खरेदीखत यांच्या स्कॅन प्रती ही साधी कागदपत्रे उरत नाहीत.

त्या बाहेर जातात त्या बहुधा झेरॉक्सच्या दुकानातून. पेन ड्राइव्ह दिला, दुकानदाराने फाइल आधी डेस्कटॉपवर घेतली, प्रिंट काढली, मागे रांग होती, पैसे दिले, निघालो. आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान तिथेच राहिले. यात कोणी हॅकर नसतो. ‘डिलीट करा’ म्हणून थांबावे, रीसायकल बिनही रिकामी करायला सांगावी. संकोच वाटतो, तरी सांगावे. तेवढ्यानेही मजकूर लगेच पुसला जातो असे नाही. डिस्कवरची ती जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते आणि तिथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत फाइल परत काढता येण्याची शक्यता राहते. जुना संगणक विकताना हेच आठवावे.

दुरुस्तीवाल्याचे ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्यही जपून ऐकावे. विंडोजच्या एकेक फाइलच्या जुन्या सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या फायली दुसऱ्या ड्राइव्हवर सुखरूप दिसतात, पण नव्याने टाकलेल्या विंडोजकडे जुनी किल्ली नसते. मालकही मग परका ठरतो.

रायगड जिल्ह्याला मोठा धडा मिळाला तो पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यात. जून २०१७ अखेर ‘नॉटपेट्या’ नावाच्या हल्ल्याने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची यंत्रणा जगभर कोलमडली. उरणच्या जेएनपीटी बंदरातले त्यांचे कंटेनर टर्मिनलही अडकले आणि काम हाताने करावे लागले. वरकरणी ही खंडणी होती, प्रत्यक्षात पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोय नव्हती. कंपनीच्या संगणक-जाळ्याची मूळ नोंद अखेर घानातल्या कचेरीत सापडली. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे ते यंत्र जाळ्याबाहेर होते! भारनियमनाला शिव्या घालणाऱ्या कोकणात ही गोष्ट जरूर सांगावी. जाळ्यापासून तोडलेली, एरवी बंद असलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क हे काम वीज जाण्याची वाट न पाहता करते.

ती त्याच टेबलावर ठेवू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने पत्रे उडाले, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. रोह्यात कुंडलिकेचे पाणी चढते ते वेगळेच. एक प्रत माळ्यावर, एक मुंबई-पनवेलच्या नातेवाइकाकडे, ही वाटणी बरी. दुसऱ्याच्या घरी जाणारी प्रत मात्र एन्क्रिप्ट केलेलीच असावी.

कायद्याचा आधार आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे किंवा त्यातून माहिती उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र परवानगी पाहिली जाते ती संगणकाच्या मालकाची किंवा ताबेदाराची. कचेरीच्या संगणकावर घरचे फोल्डर ठेवणाऱ्याची बाजू त्यामुळे लंगडी पडते.

बिटलॉकर सुरू करताना ४८ अंकी रिकव्हरी की मिळते. ती त्याच संगणकावर ठेवून उपयोग नाही. कागदावर छापून खरेदीखताच्या फायलीत लावावी आणि घरातल्या आणखी एकाला ती जागा दाखवून ठेवावी. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावता येतो, बंद डिस्कला तशी सोय नाही.