नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ

मध्यमवर्गीय घरात पहिल्या खरेदीला फार मान असतो. पहिला फ्रीज, पहिला मिक्सर, पहिली स्कूटर यांना हळदकुंकू लागते, हार पडतो, शेजारी पेढे खाऊन जातात. १९९४ साली आमच्या मुलुंडच्या घरात व्हिडिओ गेमची पेटी आली, तेव्हा मात्र आईने दारातच विचारले, "हिने टीव्ही बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार?" हळदकुंकवाचा विषय तिथेच संपला.

खरेदीमागचे कारण शुद्ध आर्थिक होते. त्या काळी उपनगरांत व्हिडिओ गेमची पार्लरे फोफावली होती. एक रुपयाचे नाणे टाकले की माणूस जीव संपेपर्यंत पराक्रम करू शकत असे. माझा जीव दीड मिनिटात संपे. मी तेव्हा नववीत होतो आणि दूध आणायला दिलेल्या पैशांतून वरचेवर एक रुपया कमी पडू लागला होता. अण्णा एका औषध कंपनीत स्टोअरकीपर. घट कुठे होते आहे हे त्यांनी आठ दिवसांत शोधून काढले. मग मला न मारता त्यांनी वही काढली, महिन्याचा पार्लरखर्च गुणिले बारा असा हिशेब मांडला आणि पुढच्या रविवारी व्ही.टी.जवळच्या बाजारातून बाराशे रुपयांना पेटी आणली. सोबत दोन रिमोट, एक पिस्तूल आणि 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ एकात' अशी पिवळी कॅसेट. (तिला कार्ट्रिज म्हणतात हे मला बँकेत लागल्यावर कळले, तेही प्रिंटरमुळे.)

"जपानी माल आहे," अण्णा म्हणाले. दुकानदाराने त्यांना तसे सांगितले होते.

आता जपानचे एवढे खरे की मूळ घराणे तिकडचे. क्योटो शहरात १८८९ साली निन्टेंडो नावाची पेढी निघाली, ती पत्ते बनवायची. म्हणजे ज्या धंद्याला आमच्या घरात दिवाळीतसुद्धा परवानगी नव्हती, त्याच धंद्यातली ही कंपनी! तिने १५ जुलै १९८३ रोजी मासायुकी उएमुरा या इंजिनियराने आखलेली 'फॅमिकॉम' ही पेटी जपानात १४,८०० येनला विकायला काढली. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार असा कोसळला, की खेळ भंगाराच्या भावात निघू लागले. जपानी पेटी तिथे १९८५ साली गेली आणि तिने तो बाजार पुन्हा उभा केला. मग तिच्या नकला निघाल्या. मूळ पेटीतल्या सगळ्या चिपा एकाच चिपेत कोंबायच्या, वर काळ्या डांबरासारखा थेंब टाकायचा आणि जगभर पाठवायचे. आपल्याकडे घरोघरी पोचली ती बहुतांशी ही नक्कल. अस्सल माल नव्हता असे नाही. १९९५ साली सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीची पेटी शॉ वॉलेसने भारतात आणली. आयातीवर ऐंशी टक्के कर, किंमत अठरा हजार. शॉ वॉलेस म्हणजे दारूवाले. अठरा हजार ऐकल्यावर गिऱ्हाईकाला त्यांच्या मूळ धंद्याची गरज भासत असणार.

आमची नक्कल आम्हाला पुरेशी होती. तिची वायर टीव्हीला अँटेनाच्या भोकातच लावावी लागे, म्हणजे एक तर मारिओ दिसणार, नाही तर मराठी बातम्या. शिवाय कॅसेट पहिल्या खटक्याला चालली असे कधी झाले नाही. ती काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. फुंकरेने काहीच होत नाही, काढून पुन्हा बसवल्यामुळे ती चालते, असे पुढे वाचनात आले. तरी मी आजही बँकेत पेन ड्राइव्हवर फुंकर मारतो.

दुसऱ्या रविवारी अण्णांनी स्टॉक मोजायला घेतला. एकेक खेळ उघडायचा, वहीत नोंदवायचा. सत्ताविसाव्या क्रमांकाला ते थबकले. सत्ताविसावा खेळ म्हणजे पहिलाच खेळ होता, फक्त नाव बदलून. अठ्ठाविसावा म्हणजे दुसरा. दुपारपर्यंत त्यांनी तीनशे नोंदी तपासल्या आणि चष्मा काढला. "सव्वीस," ते म्हणाले. "बाकी सगळी डुप्लिकेट व्हाउचर्स." ते पेटी परत करायला निघाले होते. मी रडलो. त्यांना थांबवले मात्र माझ्या रडण्याने नव्हे, बदकांनी.

बदके मारण्याच्या त्या खेळाचे नाव 'डक हंट', साल १९८४. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि पिस्तुलाच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. म्हणजे गोळी सुटतच नाही. उलट पडद्यावरचा उजेड नळीत शिरतो. हे मी एका मासिकात वाचून सांगितले, तेव्हा अण्णा म्हणाले, "अस्सं! म्हणजे ही जावक नाही, आवक आहे." नेम चुकला की गवतातून एक कुत्रा वर येऊन तोंडावर पंजा धरून हसतो. अण्णांना तो त्यांच्या मॅनेजरसारखा दिसे. त्या कुत्र्याला गोळी लागत नाही हे माहीत असूनही त्यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षे चाप ओढला. रात्री मी झोपलो असे समजून ते आवाज बंद करून बसत. मी अंथरुणातून भिंतीवरचा उजेड लुकलुकताना बघत असे.

पेटी बंद केली की गुण पुसले जात. कॅसेटला स्मरणशक्ती नव्हती.

अण्णा २०१६ साली गेले. त्याआधीच जुना टीव्ही जाऊन सपाट टीव्ही आला होता. त्याच्यावर चित्र जरा उशिरा उमटते, म्हणून पिस्तुलाला हवा त्या क्षणी उजेड सापडत नाही. नेम कितीही धरा, कुत्रा हसतोच. मध्यंतरी बायकोने माळा आवरायला काढला. "अहो, ही पेटी भंगारात देऊ का? घसारा काढून काय किंमत उरली असेल हो हिची?" बँकवाल्याशी संसार केल्याचा परिणाम. मी नुसते बघू या म्हणालो आणि खोके उघडले.

पेटीखाली अण्णांची स्टॉकची वही होती. सव्वीस खेळांच्या यादीनंतर पानेच्या पाने आखलेली. तारीख, फेरी, गुण, शेरा. पहिल्या काही महिन्यांत फेरी तीन, फेरी चार. नंतर अकरा, बारा. शेवटच्या रकान्यात दर वेळी बारीक सही, आपलीच नोंद आपणच तपासल्याची. १९९८ पर्यंतची पाने भरलेली होती. एका रात्री, माझ्या बी.कॉम.च्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, फेरी चौदा. शेऱ्यात लिहिले होते : 'आवाज बंद. मुलगा जागा असावा.'

मी वही बाहेर काढली आणि पेटी परत माळ्यावर ठेवली. बायकोला सांगितले की हिशेब अजून जुळायचा आहे.