चार नोंदींचे दप्तर : हार्ड डिस्कच्या वाटपाचा इतिहास

१/७
जळोचीत भावाभावांत जमिनीचे वाटप झाले, तरी माती जागची हलत नाही. बांध पडतो आणि दप्तर बदलते: आधी फेरफार, मग वेगळा सातबारा. लिनक्स बसवताना हार्ड डिस्कचे जे ‘पार्टिशन’ करावे लागते, तेही असेच दप्तरी वाटप आहे.

२/७
या दप्तराचा आरंभ मार्च १९८३ मधला. आयबीएमचा ‘पीसी एक्सटी’ १० एमबीच्या हार्ड डिस्कसह आला. सोबत डॉस २.० होते. एकाच डिस्कवर निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात, म्हणून तिच्या पहिल्याच सेक्टरमध्ये वाटपाचा तक्ता ठेवला गेला. हाच एमबीआर.

३/७
हा सेक्टर अवघा ५१२ बाइटांचा. ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, २ ओळखखुणेला, उरले ६४. एका नोंदीस १६ बाइट, म्हणून वाटेकरी चारच! पुढे जास्त हिस्से हवेसे झाले, तेव्हा एका हिश्श्यातच पोटहिस्से पाडण्याची सोय निघाली. तीच ‘एक्स्टेंडेड’ आणि ‘लॉजिकल’ पार्टिशन.

४/७
१९९१, हेलसिंकी. लिनस टोरवाल्ड्सच्या डिस्कवर मिनिक्स आणि नवजात लिनक्स शेजारी नांदत होते. मोडेमला द्यायचा डायल करण्याचा आदेश चुकून हार्ड डिस्ककडे गेला आणि मिनिक्सचे पार्टिशन निकामी झाले. मिनिक्स पुन्हा बसवावे, की लिनक्सवरच विसंबावे? त्याने लिनक्स निवडले.

५/७
एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जाई. ५१२ बाइटांच्या सेक्टरला ही मर्यादा सुमारे २ टीबीवर संपते. इंटेलच्या ईएफआय प्रकल्पातून आलेल्या जीपीटीने ती ओलांडली: क्रमांक ६४ बिटांचे, नोंदी सहसा १२८, आणि दप्तराची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस.

६/७
म्हणून आजच्या संगणकावर लिनक्सला एक छोटे ईएफआय पार्टिशन आणि एक मूळ पार्टिशन लागते. स्वॅप आणि ‘होम’ वेगळे ठेवणे ऐच्छिक. विंडोज आधीच असेल, तर असलेलेच ईएफआय पार्टिशन वापरावे. ते फॉर्मॅट केल्यास विंडोज सुरू करणाऱ्या फायलीही जातात.

७/७
तक्त्यातली नोंद पुसली, तरी डेटा लगेच पुसला जात नाही. त्या जागी नवे काही लिहिले गेले नसेल, तर ‘टेस्टडिस्क’सारखे साधन हरवलेल्या हद्दी बहुधा शोधून देते. चूक लक्षात येताच थांबावे, ते यासाठी. मात्र टोरवाल्ड्सचा आदेश तक्त्यापाशी थांबला नव्हता, तो थेट पार्टिशनवर लिहिला गेला. अशा वेळी कामी येतो तो दुसऱ्या डिस्कवर आधीच घेतलेला बॅकअप.