बोटाची किंमत आणि कामाचा हक्क

जांबे हे मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीजवळचं गाव. एकीकडे आयटी पार्क, दुसरीकडे पिंपरी-चिंचवडचा कारखान्यांचा पट्टा. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याच्या हाताला काय धोका असतो, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. बोट गेलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो. जखम भरल्यावर दुसरा येतो: आता कामावर घेतील का?

पहिल्या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. इस्लामी फिक्हमध्ये दियतीचा हिशेब आहे. तो इजा करणाऱ्यावर लागू होतो, कारखान्यातल्या अपघातासाठी तो सांगितलेला नाही. पण त्यातली एक चर्चा आपल्या विषयाला भिडते. पूर्ण दियत शंभर उंटांची, आणि प्रत्येक बोटाची दहा. हजरत उमर (रजि.) यांनी आधी अंगठ्याला जास्त आणि करंगळीला कमी असा निवाडा केला होता. पुढे अम्र बिन हज्म यांच्या घराण्याकडचा प्रेषितांच्या (स.) आदेशांचा लेख समोर आला, त्यात सर्व बोटं समान होती. उमर यांनी आपलं मत मागे घेतलं, अशी रिवायत आहे.

आपल्याकडे कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मुंबईत १९२० साली आयटक स्थापन झाली होती आणि ना. म. जोशी १९२१ पासून केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडत होते, तो हा काळ. मालकाची चूक सिद्ध करण्याचं ओझं या कायद्याने कामगाराच्या डोक्यावरून उतरवलं. कामाच्या ओघात, कामामुळे अपघात झाला, एवढं पुरेसं ठरलं.

या कायद्याच्या तक्त्यात मात्र बोटं समान नाहीत. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, करंगळीला ७. तीस वर्षांच्या कामगाराचा पगार हिशेबासाठी १५,००० धरला, तर त्याच्या साठ टक्क्यांना २०७.९८ ने गुणायचं. येतात १८,७१,८२०. अंगठ्याचे त्यातले ५,६१,५४६, करंगळीचे १,३१,०२७.

ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांचा मार्ग वेगळा. डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ साली अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कायदा आला. त्यात एकरकमी भरपाईऐवजी कायम अपंगत्वाचं मासिक निवृत्तिवेतन मिळतं.

पण तक्ता बोट मोजतो, माणसाचं काम मोजत नाही. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व. 'प्रताप नारायण सिंह देव' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. भरपाईही अपघाताच्या दिवसापासून देय ठरवली.

आता दुसरा प्रश्न. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढू नये, दुसऱ्या जागी त्याच पगारावर घ्यावं, हा नियम १९९५ च्या अपंग कायद्याने आणला आणि २०१६ च्या कायद्यात तो कायम राहिला. पण तो सरकारी आस्थापनांपुरता. ईएसआय कायदा तात्पुरत्या अपंगत्वाच्या रजेत नोकरीवरून काढू देत नाही. रजा संपली की ते संरक्षणही संपतं. खासगी प्रेस शॉपमधल्या कंत्राटी पोराला त्यानंतर परत घेण्याची सक्ती यातला कोणताच कायदा करत नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने भरपाई आणि ईएसआय हे दोन्ही कायदे एका छताखाली आणले. पैशाचा हिशेब तिथेही आहे. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण आपण मशिदीत वरचेवर ऐकतो. ज्याचं बोट यंत्रात गेलं, त्याला पुन्हा घाम गाळायची जागा देणं हाही त्याच शिकवणीचा भाग आहे. आपल्यातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी त्यासाठी कायद्याची वाट पाहायचं कारण नाही.